वाचक विचारतात: ती सॉफ्टवेअर कंपनी कशी आहे हो ताई?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्यांनी, करायला निघालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीपण काय वाटतं ते कळवा, तर इनबॉक्स अक्षरशः भरून वाहिला. मी स्वतः सतरा वर्षं काढली या धंद्यात, अकरा पुण्यात आणि सहा इथं नाशकात, टेस्टिंगपासून सुरुवात केली ते शेवटी लोकांची अप्रेझलं करेपर्यंत, म्हणजे शिव्या दिल्यात पण आणि खाल्ल्यात पण. नावं कुणाचीच छापत नाहीये, गाव छोटंय आपलं, कॉलेज रोडला शिंकलं की इंदिरानगरला कळतं.

प्रश्न: ताई, मी सातपूरला राहतो, वय २४. नाशिकमधल्याच एका कंपनीची ऑफर आलीये, दोनेकशे लोक आहेत म्हणतात. रिव्ह्यूच्या साइटवर ४.३ स्टार आहेत. पण माझ्या भावाचा मित्र तिथं आठ महिने होता, तो म्हणतो चुकूनपण जाऊ नको. आणि बाबा म्हणतात घराजवळ आहे, डबा गरम मिळेल, जा गप. कुणाचं ऐकू?

उत्तर: बाबांचा डब्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नको रे, पुण्यात पीजीत राहून दोन वर्षं मेसचं खाल्लेल्या कुणालापण विचार. पण आधी ते ४.३ बघू.

स्टार येतात कसे ते सांगते, मी स्वतः दिलेत म्हणून. एका कंपनीत इन्क्रिमेंटची पत्रं वाटली आणि त्याच दुपारी एचआरचा मेल, "दोन मिनिटं काढून आपल्या कंपनीबद्दल लिहा". मेलनं कुणी हललं नाही तर बाई स्वतः डेस्काडेस्कावर फिरायला लागल्या, माझ्या खुर्चीमागं उभ्या. मी पाच स्टार दिले, फायद्यात लिहिलं "शिकायला खूप मिळतं", आणि तोट्यांचा रकाना रिकामा सोडता येईना म्हणून लिहिलं "कँटीनचा चहा फार गोड असतो". त्या आठवड्यात आमच्या कंपनीचे अठरा रिव्ह्यू वाढले, आणि अठरापैकी निम्म्यांना चहाच खटकत होता. म्हणून आकडा बघूच नको, तारखा बघ. एक सणसणीत वाईट रिव्ह्यू आणि त्यानंतर चार दिवसात दहा गोडगोड, असं दिसलं की समजायचं कुणीतरी डेस्काडेस्कावर फिरलंय. पाच स्टारवाल्याचा तोट्यांचा रकाना मात्र वाच, तिथं माणूस चुकून खरं बोलून जातो. "कधीकधी कामाचं प्रेशर असतं" म्हणजे शनिवारी यायला लागतं, आणि "मॅनेजमेंटने कम्युनिकेशन सुधारावं" म्हणजे क्लायंट गेलाय हे लोकांना चहाच्या टपरीवर कळलं.

आता भावाचा मित्र. तो खोटं बोलत नसेल, पण तो कंपनीबद्दल बोलतच नाहीये, तो त्याच्या टीम लीडबद्दल बोलतोय. दोनशे लोकांच्या कंपनीत सात-आठ टीम असतात आणि एकाच मजल्यावर एका कोपऱ्यात लोक सहाला बॅग उचलतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात रात्री दहाला वडापाव मागवतात. त्याला एवढंच विचार: कुठल्या प्रोजेक्टला होतास, कुणाच्या हाताखाली, आणि तो माणूस अजून तिथं आहे का. आणि तुला त्याच माणसाच्या हाताखाली टाकणारेत का ते ऑफर घेताना एचआरला स्पष्ट विचारून घे, लाजू नको.

आता एक गोष्ट सांगते जी इंटरव्ह्यूच्या टिप्स देणारे कुणी सांगत नाहीत. पीएफच्या म्हणजे ईपीएफओच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायची सोय आहे, कंपनीचं नाव टाकलं की दर महिन्याला पीएफ कधी भरला आणि किती लोकांचा भरला ते दिसतं, लॉगिनपण लागत नाही. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. तर बारा महिन्यांचे आकडे कागदावर उतरव. तारीख दर महिन्याला १२, १३, १४ अशी असेल तर बरंय. हळूहळू २५ व्हायला लागली, मग दोन महिन्यांचा एकदम, असं दिसलं तर समज की कंपनीच्या खिशात पैसे नाहीयेत, आणि पीएफ उशिरा जायला लागला की पगाराचा नंबर फार लांब नसतो. आणि माणसांचा आकडा बघ. तुला दोनशे सांगतात आणि तिथं १३० दिसले तर? होऊ शकतं बाबा, काही लोक कंत्राटावर असतील, काहींचा पीएफ कापत नसतील, पण मग ते विचारायचं. आणि वर्षापूर्वी १९० होते ते आता १३० असतील तर हे साठजण का गेले हाच तुझा इंटरव्ह्यूतला प्रश्न. मी अशाच एका कंपनीत आकडे न बघता गेले होते, चौथ्या महिन्यात पगार हप्त्यानं मिळायला लागला, आधी पन्नास टक्के मग "उरलेला क्लायंटचं पेमेंट आलं की".

आणि शेवटचं, एक दिवस संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला त्या कंपनीसमोरच्या टपरीवर जाऊन चहा पी. काही विचारायची गरज नाही, नुसतं ऐक. साडेसात वाजता पार्किंगमध्ये किती गाड्या उरल्यात ते बघ. मंगळवार-बुधवार जा, शुक्रवारी सगळ्याच कंपन्या चांगल्या दिसतात.

प्रश्न: नमस्कार मॅडम. दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षाची बाग आहे. मुलगी इंजिनिअर झाली, दोन वर्षं झाली घरूनच नोकरी करते. दिवसभर लॅपटॉपसमोर, मध्येच हसते, मध्येच माईक बंद करून चिडते, रात्री अकरापर्यंत इंग्रजीत बोलत असते. पगार वेळेवर येतो ते खरं. पण सोयरीक घेऊन लोक येतात, विचारतात मुलगी काय करते, मी सांगतो कंप्युटरवर काम करते, तर म्हणतात म्हणजे नक्की काय. मला सांगता येत नाही. आणि ती खूश आहे का तेपण कळत नाही.

उत्तर: काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी रात्री अकराचं सांगते, कारण घरोघरी त्यावरूनच भांडण होतं. तिचा क्लायंट बहुतेक कॅलिफोर्नियाकडचा असणार. तिथं हिवाळ्यात आपल्यापेक्षा घड्याळ साडेतेरा तास मागं असतं, म्हणजे तिथला साहेब सकाळी नऊला कॉफी घेऊन बसतो तेव्हा तुमच्या घरी रात्रीचे साडेदहा. मार्चमध्ये ते लोक घड्याळं एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरात परत मागं. तुमच्या लक्षात आलं असेल बघा, दिवाळीच्या मागंपुढं तिचा कॉल अचानक एक तास उशिरा सुरू होतो, पोरगी उशिरा झोपायला लागली म्हणून आई ओरडते, त्याला कारण हे.

आता काम काय. तुम्ही ऑक्टोबर छाटणी केली की तिथून पुढं माल निघेपर्यंत साधारण चार महिने रोज काहीतरी बघावं लागतं ना, डाऊनीची बुरशी आली का, फवारणी कधी, पाऊस होणारे का. तिच्याकडेपण असाच हंगाम असतो, नवं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात सोडायचा, त्याला ते रिलीज म्हणतात. कुणीतरी मोबाइलवर बटण दाबलं आणि पैसे गेले पण तिकीट आलं नाही, तर ते का झालं हे शोधून दुरुस्त करणं, आणि परत होऊ नये म्हणून लिहून ठेवणं, असलं तिचं काम. अवकाळी आला की तुम्ही रात्री बॅटरी घेऊन बागेत जाता आणि तुमच्या जाण्यानं पाऊस थांबत नाही, तरी जाता. रात्री दोनला सर्व्हर, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालवणारा मोठा कंप्युटर, बंद पडला की तीपण तशीच बसते, फक्त तिनं बसल्यावर तिचा पाऊस कधीकधी थांबतो. सोयरिकीच्या लोकांना एवढं सगळं सांगत बसू नका, "परदेशातल्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळते" म्हणा, पुरे झालं.

खूश आहे का ते मला कसं कळणार. पण माईक बंद करून चिडते म्हणजे निदान माईक बंद करायचं भान आहे, ते सगळ्यांना नसतं. जेवताना मागं लागू नका, रविवारी बागेत घेऊन जा आणि काहीच न विचारता सोबत चाला, घरून काम करणाऱ्यांना दिवसदिवस खऱ्या माणसाशी बोलायला मिळत नाही, ते त्यांनापण कळलेलं नसतं. आणि हो, रात्री अकरानंतर सकाळी सहाला उठवू नका तिला, प्लीज.

प्रश्न: कंपनीतली एचआर आपल्या बाजूची असते का?

उत्तर: कंपनीच्या बाजूची असते, तिचा पगार कोण देतं? माणूस म्हणून चांगली असू शकते, माझ्या दोन जवळच्या मैत्रिणी एचआर आहेत. पण जे काही सांगायचं ते बोलून झालं की मेलवर टाकायचं.

प्रश्न: मी पंचवटीत राहते, यंदाच पास झाले. वीस माणसांच्या एका कंपनीत सिलेक्शन झालं पण ते म्हणतात दोन वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर दीड लाख, आणि डिग्री व मार्कशीट ओरिजिनल त्यांच्याकडे जमा, वर एक कोरा चेक सही करून. सगळे मित्र म्हणतात बाँड हा नुसता कागद असतो, कोर्टात टिकत नाही, दे सही. देऊ का?

उत्तर: ओरिजिनल नाही द्यायची. दाखवायची, त्यांना झेरॉक्स घेऊ दे, साक्षांकित हवी तर तीपण दे, पण ओरिजिनल परत आपल्या फाइलमध्ये, फाइल परत आपल्या कपाटात. माझ्या बरोबरच्या एका मुलाची मार्कशीट सोडवायला सात महिने लागले होते, तोवर दुसरी ऑफर गेली. कोरा चेक तर अजिबातच नाही, रक्कम कुणीपण भरू शकतं आणि चेक परत गेला की कलम १३८ च्या नोटिशीला उत्तर देत बसायचं.

बाँडचं मात्र मित्रांचं ऐकू नको, ते अर्धवट आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत काम करायचंच नाही अशी अट बहुतेक टिकत नाही, कारण भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७. पण ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर भरपाई द्या, ही अट म्हणजे रद्दी नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड वैध धरला. आता ती सरकारी बँक होती, तिथं भरतीलाच केवढा खर्च आणि वेळ जातो, तुझी वीस माणसांची कंपनी तेवढं म्हणू शकणार नाही. कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असायला लागते, कागदावर दीड लाख लिहिलं म्हणून आपोआप दीड लाख मिळत नाहीत. पण ते सिद्ध व्हायचं कुठं, तर कोर्टात, आणि २२ व्या वर्षी सीबीएस बसस्टँडजवळच्या त्या कोर्टाच्या आवारात तारखा घेत फिरायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून सही करायच्या आधी विचार: ट्रेनिंग किती दिवसांचं, कोण देणार, आणि वर्षभर राहून गेले तर रक्कम कमी होणार का. ट्रेनिंग म्हणजे "सिनियरच्या बाजूला बस आणि बघ" असेल तर दीड लाख कसले? एखाद्या वकिलाला कागद दाखव. आणि कंपनी चेक आणि ओरिजिनलवर अडूनच बसली तर माझं मत विचारशील तर सोडून दे. लोकांना टिकवून ठेवायला ज्यांना मार्कशीट लागते, तिथं लोक टिकत का नाहीत ते तुला कळलंच की.

प्रश्न: नाशिकरोडहून लिहितेय. ऑफर लेटरमध्ये ४ लाख ८० हजार पॅकेज, म्हणजे महिना चाळीस हजार. आजीनं पेढे वाटले. पहिला पगार आला ३० हजार ७३८. आईला वाटतंय मी काहीतरी लपवतेय. कंपनीनं फसवलं का?

उत्तर: फसवलं नाही, सांगितलं नाही. यात फरक आहे पण आजीला तो समजावणं अवघड आहे. तुझी पगाराची स्लिप तू पाठवलीस ते बरं केलंस, आईला दाखव अशी मांडून. चाळीस हजारातले चार हजार व्हेरिएबल, ते वर्षाअखेरी कंपनीचं बरं झालं तर आणि साहेबाचा मूड असला तर. कंपनीचा पीएफचा वाटा १८०० (पंधरा हजारांच्या १२ टक्के, पीएफची मर्यादा तेवढीच आहे), तो तुझाच आहे पण आत्ता हातात नाही. ग्रॅच्युइटी म्हणून ९६२, हा तुझ्या वीस हजार बेसिकवर धरलाय आणि साधारण पाच वर्षं टिकलीस तरच मिळणार, तरी पॅकेजमध्ये आजच मोजला. मेडिक्लेमचे ५००. उरले ३२ हजार ७३८. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ १८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००, झाले ३० हजार ७३८. प्रोफेशनल टॅक्स फेब्रुवारीत ३०० कापतील, घाबरू नको, वर्षाचे २५०० पूर्ण करायला तसं करतात. बायकांना २५ हजार पगारापर्यंत तो माफ आहे, तू त्याच्या वर गेलीस.

पुढची ऑफर येईल तेव्हा एकच वाक्य म्हणायचं, "दर महिन्याला खात्यात किती येणार तेवढं मेलवर सांगा." पॅकेज हा शब्द सोयरिकीत वापरायला ठीक आहे, ईएमआय त्यातून जात नाही. आणि पेढे वाटलेत ते वाटलेत, पहिली नोकरी आहे.

प्रश्न: वय ३६, गंगापूर रोडला राहते, मुलगी चार वर्षांची. लॉकडाऊनमध्ये पुणं सोडून नाशिकला आलो, तेव्हापासून घरूनच काम. आता कंपनी म्हणते आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला या. कंपनी चांगली आहे, माणसं चांगली आहेत, पगार तर नाशकात मिळणारच नाही. काय करू?

उत्तर: हे मी केलंय, दीड वर्ष. सोमवारी पहाटे साडेचारला नाशकातल्या द्वारका चौकातून गाडी, सिन्नर मागं पडेपर्यंत डुलकी, चंदनापुरीच्या घाटात बरोब्बर स्टँडअपच्या म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या वेळेला नेटवर्क जायचं, नारायणगावला चहा घेताना मांडीवर लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि मग चाकण. चाकणच्या ट्रॅफिकबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यानं भोगलंय त्याला माहितीये. अंतर २१० किलोमीटरच्या आसपास, पण हिंजवडीत पाय ठेवेस्तोवर साडेपाच तास धरून चाल. नाशिक-पुणे रेल्वे होणार होणार म्हणून आपण किती वर्षं ऐकतोय, त्यात नारायणगावजवळ खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिला त्रास नको म्हणून सरळ मार्गच अडला. दुर्बीण महत्त्वाची आहे हे मला मान्य आहे, तरी सोमवारी पहाटे मान्य व्हायचं नाही.

तर हिशोब असा कर. तीन दिवस म्हणजे दोन रात्री तिथं आणि जाण्यायेण्याचे अकरा तास. पीजीचं भाडं वजा कर, गाडीभाडं वजा कर, मुलीला सांभाळायला जो कुणी लागेल त्याचा पगार वजा कर. उरलेल्या रकमेला तुझ्या कामाच्या तासांनी भाग, पण प्रवासाचे तासपण त्यात धर. मी हे केलं तेव्हा तासाचा दर आणि नाशकातल्या ऑफरचा दर यात फारसा फरकच उरला नाही, आणि मी पगार जवळजवळ तिसरा हिस्सा कमी घेऊन इथं आले. खोटं कशाला सांगू, पहिले सहा महिने रडले. इथलं काम लहान होतं, क्लायंट लहान, आणि चहाला जायला माझ्या वयाचं कुणी नव्हतं. मग हळूहळू बरं वाटलं, संध्याकाळी साडेसहाला गंगेवर म्हणजे आपल्या गोदावरीवर मुलाला घेऊन जायला लागले तेव्हा.

पण तुझ्याकडे अजून एक पत्ता आहे. माणसं चांगली आहेत म्हणतेस ना, मग मॅनेजरला थेट सांग, महिन्यातून एकदा सलग चार दिवस येते, चालेल का. आमच्या टीममध्ये दोघींना असं दिलं होतं, नियमात कुठंच नव्हतं. फक्त तोंडी घेऊ नको, मॅनेजर बदलला की तोंडी सगळं वाहून जातं.

प्रश्न: राजीनामा दिलाय, शुक्रवारी शेवटचा दिवस. तीन वर्षं खूप सोसलंय. रिव्ह्यूच्या साइटवर सगळं लिहून काढू का? निनावीच असतं ना?

उत्तर: शुक्रवारी नको. आधी रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि हिशोबाचे पैसे हातात पडू देत, मग लिही. निनावी म्हणशील तर साइट नाव दाखवत नाही, पण तुमच्या बारा जणांच्या टीममधून गेल्या तिमाहीत एकच माणूस गेलाय आणि तू लिहिलंस की "अमुक प्रोजेक्टला तीन वर्षं होतो", तर शेंबडं पोरगंपण ओळखेल. कुणाचं नाव घेऊन आरोप करू नको, अब्रूनुकसानीचं कलम नव्या न्याय संहितेतपण आहे, ३५६, आणि त्याची नोटीस घरी आली की आधी आई वाचते. जे घडलं तेवढंच लिही. "मॅनेजमेंट भिकार आहे" यातून कुणाला काहीच कळत नाही. "वर्षभरात नऊ शनिवार बोलावलं, बदली सुट्टी दोनदाच मिळाली" यातून कळतं. चांगलं होतं तेपण लिही, तीन वर्षं राहिलास म्हणजे काहीतरी असणारच. आणि पगार कितीला व्हायचा ती तारीख नक्की टाक, ती कुणीच टाकत नाही, वर त्या सातपूरच्या पोराला तीच हवी होती.